पित्ताची गोळी आधी, की पोटानं श्वास आधी?

उद्यमबागकर
आपल्याकडं ज्याला 'पित्त वाढलंय' म्हणतात, ते बहुतेक वेळा पित्त नसतंच. घशाशी येतं ते जठरातलं आम्ल, आणि ते येतं अन्ननलिका आणि जठर यांच्यामधलं दार नीट मिटत नाही म्हणून. तरी आपण गोळीपलीकडं बघत नाही. माझा आक्षेप त्यालाच आहे.

मी फाउंड्रीत आहे. दुसरी पाळी सुटून घरी पोचायला रात्रीचे १२ होतात. जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं. २ वर्षं पँटोप्रॅझॉल ही आम्ल कमी करणारी गोळी घेतली. जळजळ गेली, पण पाणी घशाशी यायचं ते येतच राहिलं, फक्त आंबट लागत नव्हतं. गोळीनं आम्ल कमी केलं, दार उघडंच राहिलं.

हे दार दुहेरी आहे. अन्ननलिकेच्या तळाशी ३-४ सेंटीमीटरचं स्नायूचं कडं असतं. त्याच जागी बाहेरून श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचे, स्नायू नळीला विळखा घालून असतात. श्वास आत घेतला की छातीतला दाब उतरतो आणि पोटातला चढतो. म्हणजे दर श्वासाला जठरातलं वर ओढलं जायला हवं. तसं होत नाही, कारण नेमक्या त्याच वेळी श्वासपटल आवळतं. मित्तल आणि बालबन या डॉक्टरांनी १९९७ मध्ये हे सविस्तर मांडलं होतं. कडं आपल्या ताब्यात नाही, श्वासपटल आहे. ऑस्ट्रियात पोटानं श्वास घेण्याचा सराव करून घेतला, तर ४ आठवड्यांत आम्ल वर येणं कमी झालं. तो अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. मग हा सराव गोळीच्या आधी का सांगत नाहीत?

खानापूरचा औषधवाला
दादा, रचना तुम्ही बरोबर सांगितली, पण त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही. त्या अभ्यासात माणसं होती १९. तेवढ्यावर गावाला गोळ्या बंद करा म्हणून सांगायचं?

दुसरं, दार दुबळं म्हणूनच आम्ल येतं असं नाही. पोट तट्ट भरलं की ते कडं आपणहून सुटतं, घास गिळलेला नसतानाही, आणि १० सेकंदांहून जास्त वेळ सुटलेलं राहतं. ढेकर येते ती अशीच. बरंचसं आम्ल याच वेळी वर येतं. आणि तेव्हा श्वासपटलाचा विळखाही मज्जातंतूच्या इशाऱ्यानं ढिला पडतो. पहिलवान जागेवरून उठूनच गेला, तर त्याच्या ताकदीचा काय उपयोग?

गोळीनं अन्ननलिकेच्या जखमा भरतात, हे विसरू नका. वर्षानुवर्षं जखमा राहिल्या तर नळी आकसते, आतलं अस्तर बदलतं. पण गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. माझी किती तरी गिऱ्हाईकं जेवून झाल्यावर घेतात आणि गुण नाही म्हणतात.

निपाणीची सून
तुम्ही दोघंही तंबाखूबद्दल गप्प का वो? आमच्याकडं घराघरात मिश्री. सासूबाई पहाटे, दुपारी, झोपताना लावतात आणि जळजळीचा दोष भाजीतल्या तिखटाला देतात. तिखटानं झोंबतं, खरं आहे. पण निकोटीन त्या कड्याची पकड सैल करतं. मला तर वाटतंय, गोळी आणि श्वास दोन्ही नंतर, मिश्री आधी सुटायला हवी.

येळ्ळूरचे मास्तर
श्वासानं सगळं होतं असं मानून मी वर्ष घालवलं. दुर्बिणीनं तपासल्यावर कळलं की जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या भोकातून छातीत सरकलाय. कडं वर गेलं आणि विळखा खाली राहिला, दोघांची जोडच तुटली. कितीही श्वास घेतले तरी ते परत जागेवर बसत नाही. त्यावर शस्त्रक्रिया आहे, निस्सेन यांनी १९५६ मध्ये मांडलेली. जठराचा वरचा भाग नळीभोवती गुंडाळतात. मी अजून केलेली नाही. पलंगाचं उशाकडचं टोक अर्धा फूट उचललंय, डाव्या कुशीवर झोपतो, रात्रीचं जेवण ७ ला. तेवढ्यावर बरंच भागतंय.

उद्यमबागकर
मास्तर, जठर सरकलं असेल तर श्वासानं ते जागेवर येणार नाही, मान्य. वैनी, तंबाखूचं मी लिहायलाच हवं होतं, आमच्या खात्यात तर प्रत्येकाच्या खिशात पुडी.

पण औषधवाले दादा, पहिलवान उठून जातो तो थोडा वेळ. बाकी वेळी तो बसलेलाच असतो की. साचा उचलायला वाकलो, खोकलो, पट्टा आवळला की पोटातला दाब वाढतो. तेव्हा विळख्याची ताकदच कामाला येते. आणि ७ ला जेवा हे पाळीवाल्या माणसाला सांगून काय उपयोग? आता मी डबा ९ च्या सुट्टीत खातो, घरी आल्यावर नुसतं ताक. रोज अर्धा तास पोटानं श्वास. २ महिन्यांत पाणी वर येणं निम्म्यावर आलंय.

खानापूरचा औषधवाला
मग गुण श्वासाचा की ९ च्या डब्याचा? दोन्ही एकदम बदललंत, आता कसं कळणार? आणि गोळी एका झटक्यात सोडली नाही ना? दीर्घकाळ घेऊन अचानक बंद केली की आम्ल आधीपेक्षा जोरात उसळतं. गिळताना घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल तर आधी दुर्बीण.

उद्यमबागकर
गोळी परवा सोडली, एकदमच. कालपासून जळजळ आहे, ती त्यामुळंच असेल. घास अडकत नाही, पण पँट सैल झालीय. सोमवारी पहिली पाळी आहे, संध्याकाळी डॉक्टरांकडं जातो. डबा ९ लाच ठेवतो आणि सराव १५ दिवस थांबवून बघतो, मग इथंच लिहितो.