अनुभव धागा : आधार नको, काम असेल तर सांगा

गेली काही वर्षं मी एका छोट्या संस्थेत ज्येष्ठांसाठी काम करते. काम म्हणजे याद्या करायच्या, फोन लावायचे, कोण कोणाला आणायला जाणार याचा मेळ बसवायचा. वर्षअखेरीला अहवालात आम्ही लिहितो, ‘इतके कार्यक्रम, इतके लाभार्थी’. या शब्दावरून एका आजोबांनी मला झापलं. “लाभार्थी लिहिलंत. काय लाभ झाला ते मला विचारलंत का?”

तर विचारतेच. तुमच्या आसपासच्या अशा एखाद्या संस्थेमुळे तुमच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दिवसात नक्की काय बदललं? संस्थेचं नाव नको. कौतुक थोडं कमी चालेल. फसलेलं असेल तर तेही लिहा, ते जास्त उपयोगी पडतं.

निवृत्त फिटर, वय ७१

बायको गेल्यावर आठ महिने मी कोणाशी बोललो नाही, असं मुलगी म्हणते. मला तसं वाटत नव्हतं. मी रोज टीव्हीशी भांडत होतो.

एक दिवस संस्थेचा एक मुलगा कागद घेऊन आला. ‘एकाकी ज्येष्ठांसाठी गप्पांची बैठक’. एकाकी हा शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं. आधार नको, काम असेल तर सांगा, असं तोडून बोललो आणि दार लावलं. चार दिवसांनी तोच पोरगा पुन्हा दारात. हातात पाय मोडलेली खुर्ची. “काका, अशा नऊ आहेत. जमेल?”

न जमायला काय झालं! ३४ वर्षं हेच केलं. ड्रिल घेऊन गेलो तो गेलोच. आता मंगळवार-शुक्रवार आम्ही पाच-सहाजण असतो. वॉकर, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या दुरुस्त करतो. काठीच्या टोकाचं रबर झिजलं की काठी फरशीवर सटकते, हे बहुतेक घरांत कोणी बघत नाही. आम्ही ते फुकट बदलून देतो.

गप्पांच्या बैठकीला मी आजही जात नाही. पण स्क्रू पिळता पिळता एकजण म्हणाला की त्याला रात्र-रात्र झोप लागत नाही. कोणी मान वर केली नाही. दुसरा म्हणाला, “मलाही.” समोरासमोर बसवून विचारलं असतं तर दोघांनीही ‘मजेत आहे’ म्हटलं असतं. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून ‘मेन्स शेड’ नावाने हेच चालतं आणि पुढे ते बऱ्याच देशांत गेलं, हे मला नंतर नातवाने दाखवलं.

दूर राहणारी मुलगी

माझ्या आईला संस्थेतल्या एक बाई सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला फोन करतात. खरं सांगते, सुरुवातीला मला ते लागलं. मी रोज करते की फोन! पण माझा फोन म्हणजे हजेरी. गोळी घेतलीस का, दार लावलंस का, डॉक्टर काय म्हणाले. आई ‘हो हो’ म्हणून ठेवून द्यायची. त्या बाई तिला विचारतात, “तुमच्या शाळेत गणिताला कोण होतं?” अर्धा तास जातो.

तीन महिन्यांनी त्यांनी आईची परवानगी घेऊन मला फोन केला. म्हणाल्या, “त्यांना विसरायला होतं असं तुम्हाला वाटतंय ना? मला वाटतं त्यांना ऐकू येत नाहीये. मी प्रश्न बदलला तरी उत्तर जुन्याच प्रश्नाचं येतं.” तपासलं तर दोन्ही कानांनी कमी. मी वर्षभर स्मृतिभ्रंशाच्या भीतीने झोप उडवून घेतली होती, कानाचा विचारच मनात आला नव्हता. म्हणजे ती भीती अगदीच बिनबुडाची होती असंही नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला काही करता येण्याजोग्या १४ गोष्टी दिल्या आहेत. त्यात कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे.

यंत्र घेतलं. ते महिनाभर खणात! शिट्टी वाजते, सगळं कर्कश ऐकू येतं, म्हणून. मग संस्थेतली एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येऊन बसली. आधी शांत खोलीत एक तास, मग दोन तास, मग दोघींचं बोलणं, मग टीव्ही, सगळ्यात शेवटी चार माणसांत. बॅटरी बदलायला आईच्या बोटांना तीन आठवडे लागले. दुकानदाराने पाच मिनिटांत दाखवलं होतं आणि आम्ही ‘समजलं’ म्हणून बाहेर पडलो होतो.

गाडीवाला

मी फक्त गाडी चालवतो. दर बुधवारी सहा ज्येष्ठांना आणतो-सोडतो.

अनुभव असा की कार्यक्रम काय आहे यापेक्षा तिथे पोहोचायचं कसं हा प्रश्न मोठा असतो. नव्या स्वयंसेवकांना मी तीन गोष्टी सांगतो. बेल वाजवल्यावर पूर्ण दोन मिनिटं थांबा, पुन्हा वाजवू नका, घाईने उठताना माणूस पडतो. गाडीत बसताना आधी पाठ सीटकडे करून टेकायचं, मग पाय आत. आणि परत सोडताना दार उघडून दिवा लागेपर्यंत हलायचं नाही.

अजून एक, जे कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. आमचा आधीचा हॉल मोठा, हवेशीर, दिसायला छान. स्वच्छतागृह मात्र जिना उतरून मागे. माणसं हळूहळू कमी होत गेली. कोणी म्हणे कंटाळा येतो, कोणी म्हणे ऊन लागतं. जे येत ते निघायच्या आदल्या तीन तासांत पाण्याचा घोट घेत नसत, मग एक बाई गाडीतच चक्कर येऊन कलंडल्या. आता हॉल लहान आणि कोंदट आहे, पण चार पावलांवर स्वच्छतागृह आहे, दांडा लावलेलं. हजेरी भरलेली.

एक आजी

वरच्या दादांना अनुमोदन. मी दोन वर्षं कुठे गेले नाही ती याच कारणाने. नाव गुडघ्यांचं पुढे करायचे.

फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून दोन तास फुकट काम करणारी

ज्येष्ठांचे व्यायाम म्हटलं की खुर्चीत बसवून हात वर, हात खाली, एवढंच बऱ्याच ठिकाणी चालतं. त्याला वाईट म्हणत नाही, पण पडणं त्याने फारसं टळत नाही. तोल सांभाळायला शिकायचं तर तोल थोडा जावा लागतो, अर्थात धरायला काही असताना. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात बेतलेला घरच्या घरी करायचा व्यायामक्रम आहे. पायांची ताकद, तोल आणि चालणं, एवढाच. त्याच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनाही ६५ च्या पुढच्यांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस करायला सांगते.

पण आमच्या वर्गात खरी अडचण स्नायूंची नव्हती, भीतीची होती. एकदा पडलेलं माणूस चालणं कमी करतं, त्याने पाय आणखी कमजोर होतात आणि मग ते पुन्हा पडतं. हे चक्र माझ्या सांगण्याने तुटत नाही. वर्गातल्या ७९ वर्षांच्या एक बाई दोनदा पडून पुन्हा उभ्या राहिल्यात. नवीन कोणी आलं की मी त्यांना शेजारी उभं करते आणि गप्प बसते. त्या म्हणतात, “ओट्याला धर, टाचा उचल, मी आहे.” माझी पदवी तिथे काही कामाची नाही.

जाता जाता: सैल चपला काढा, सरकणारी पायपुसणी उचला, रात्री पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उठा.

नाराज सभासद, वय ७६

फसलेलं लिहा म्हणालात म्हणून. मी एका संस्थेत सहा महिने गेले आणि सोडलं. कारण फोटो. काहीही दिलं की आधी रांग, मग फोटो, मग वस्तू. एकदा मी म्हटलं माझा काढू नका, तर संयोजक म्हणाले, “आजी, हसा की जरा.” मी ४० वर्षं लेखापाल होते. त्यांच्या फलकावरच्या आकड्यांची बेरीज चुकलेली मला खुर्चीवरून दिसत होती, पण मला कोणी विचारलं नाही. मला रंग भरायला कागद दिले होते.

वयावरून माणसाला कमी लेखण्याला इंग्रजीत ‘एजिझम’ म्हणतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ साली हा शब्द वापरात आणला. शब्द नवा असेल, अनुभव नाही.

आता दुसरीकडे जाते. तिथे मी बँकेच्या नावाने येणारे खोटे फोन, बनावट संदेश, ओटीपी मागणारे यांच्यावर दर महिन्याला तास घेते. आमच्यातल्या एकांचे पैसे गेले होते. सहा आठवडे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, आम्हाला सांगितलं. मुलं रागावतील आणि फोन काढून घेतील ही भीती पैशांपेक्षा मोठी होती.

पत्नी

माझ्या यजमानांना स्मृतिभ्रंश आहे. शनिवारी दोन ते चार संस्थेतलं कोणीतरी त्यांच्याजवळ बसतं.

पहिल्या शनिवारी मी ठरवलं होतं की बाहेर जाईन, मैत्रिणीला भेटेन. प्रत्यक्षात आतल्या खोलीत जाऊन झोपले. दुसऱ्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी झोपेतून उठून रडले. चौथ्या की पाचव्या वेळी बाहेर पडले असेन.

येणाऱ्या मुलाला संस्थेने शिकवलेलं दिसतं. ‘ओळखलंत का मला?’ असं तो कधीच विचारत नाही. दर वेळी आपलं नाव नव्याने सांगतो, जणू पहिल्यांदाच भेटतोय. जुनी गाणी लावतो. यांना माझं नाव आठवत नाही, पण कडवी पाठ आहेत. एकदा मी दाराआडून ऐकलं, हे त्याला सांगत होते, “आत एक बाई असतात, फार चांगल्या आहेत.”

बाकी लिहवत नाही.

विश्वस्त

थोडं पैशांचं बोलतो, कोणीतरी बोललं पाहिजे. वस्तू द्यायला दाते मिळतात. फोनचं बिल, गाडीचं इंधन आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्या एका माणसाचा पगार द्यायला मिळत नाहीत. आणि संस्था चालते ती त्या एका माणसावर. एका दात्याला मी आकडे सांगितले. २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. म्हणून भेटी आणि फोन, असं मी पटवत होतो. ते म्हणाले, “फारच छान. मग व्हीलचेअर किती देऊ?”

चुकलेलंही सांगतो. आमचे स्वयंसेवक सुरुवातीला तीन-तीन महिन्यांनी बदलायचे. एक आजोबा म्हणाले, “आता नवीन कोणी पाठवू नका. जीव लावायचा आणि मग परीक्षा आली म्हणून तो जाणार.” तेव्हापासून वर्षभर येईन म्हणणाऱ्यालाच घरभेटीला पाठवतो आणि जायच्या आधी निरोपाच्या दोन भेटी ठरवून करतो. घरी जाणाऱ्याची आधी चौकशी करतो. पैसे, एटीएम कार्ड, कागदपत्रं यांना कोणी हात लावायचा नाही, कितीही प्रेमाने पुढे केलं तरी. यावरून आमचे दोन चांगले कार्यकर्ते दुखावून गेले. नियम बदलला नाही.

मुलगा

माझ्या वडिलांच्या बाबतीत काहीच बदललं नाही. फिटर काकांचं वाचून वाटलं, यांनाही खुर्ची न्यायला हवी होती. एक गृहस्थ अकरा महिने दर रविवारी यायचे. बाबा दाराच्या साखळीतूनच बोलायचे, दोन वाक्यं, हवामानाबद्दल. साखळी कधी काढली नाही. बाबा गेले तेव्हा ते गृहस्थ आले, मागे उभे राहिले, निघून गेले.

नंतर बाबांची वही सापडली. दर रविवारी तारीख आणि पुढे एकच शब्द: ‘आले.’ दोन रविवारी ‘नाही’.

(धागाकर्ती) हे मी आमच्या बैठकीत वाचून दाखवू का? नाव-गाव काही नसेल. नको असेल तर तसं सांगा.

मुलगा

वाचा.

फोनवाल्या, वय ८३

मीही दहाला फोन करते, पण वरच्या मुलीच्या आईला नाही, वेगळी संस्था. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मलाच रोज फोन यायचा. बरी झाल्यावर बंद होणार म्हणाले, तेव्हा मी विचारलं, मग मी लावू का कोणाला? त्यांनी आधी दोन दिवस शिकवलं. सल्ला द्यायचा नाही. ‘माझ्या वेळी’ असं सुरू करायचं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. कोणी ‘आता जगून काय करायचं’ म्हणालं तर विषय बदलायचा नाही, सरळ विचारायचं की जीव द्यायचे विचार येतात का, आणि लगेच कार्यालयात कळवायचं. तसं दोनदा झालं. दोन्ही वेळा त्याच दिवशी माणूस घरी पोहोचलं.

सध्या माझ्या यादीत चारजण आहेत. त्यातल्या एक मला ‘ताई’ म्हणतात. त्या माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या आहेत. मी अजून सांगितलेलं नाही.