मदत हवी आहे: आयर्लंडमधलं टीव्हीचं १९९६ साल

नमस्कार मंडळी. लहान भाषांच्या टीव्ही वाहिन्यांवर एक लेख लिहायला घेतलाय आणि आयर्लंडपाशी अडकलोय. ३१ ऑक्टोबर १९९६ ला तिथे आयरिश भाषेची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली, तेलिफीश ना गेल्गे. १९९९ मध्ये तिचं नाव टीजी४ झालं. मुख्यालय डब्लिनला नाही, तर पश्चिमेला गॉलवेजवळच्या कॉनमारा भागात, जिथे लोक घरात आयरिश बोलतात. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. १९९६ मध्येच 'रोस ना रून' ही आयरिश मालिकाही सुरू झाली. तेव्हाचे संस्कृतिमंत्री मायकल डी. हिगिन्स पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

त्याआधी १९८७ मध्ये कॉनमारातल्या लोकांनी परवान्याशिवाय स्वतःचं प्रक्षेपण करून दाखवलं होतं. म्हणजे मागणी खालून आली होती. लेखाचा गाभा तोच आहे.

आता अडचण. पहिली, नावं देवनागरीत कशी लिहायची? 'तेलिफीश' च्या मूळ रोमन स्पेलिंगमधला शेवटचा एस (s) उच्चारात श होतो, एवढं कळलं, पण गावांच्या नावांशी मात्र रोज झटापट चालू आहे. दुसरी, पहिल्या रात्रीच्या कार्यक्रमाचं चित्रण कुठे बघायला मिळेल? गॉलवे किंवा डब्लिनमध्ये राहणारं कुणी असेल, किंवा कुणाची मुलं तिथल्या शाळेत आयरिश शिकत असतील, तर कृपया सांगा. उच्चार म्हणून दाखवणारी छोटी ध्वनिफीत पाठवलीत तरी माझं मोठं काम होईल.