मदत हवी आहे : भावाला अल्फा-१ अँटीट्रिप्सिनची कमतरता

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ ३८ वर्षांचा, दिंडोरीला द्राक्षबाग. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना अर्ध्यावरच बसतो. सहा वर्षं दमा म्हणून पंप चालू होता. मग सोनोग्राफीत लिव्हर खराब दिसलं, तर जो तो दारूचंच विचारायचा (माळकरी माणूस हो!). शेवटी जनुक तपासणीत झेडझेड आलं (आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक). म्हणजे फुप्फुसांना जपणारं अल्फा-१ अँटीट्रिप्सिन हे प्रथिन लिव्हरमध्येच अडकतं, फुप्फुसं उघडी पडतात. हिपॅटायटिस, फ्लूच्या लसी झाल्या. पण फवारणीचा ब्लोअर काही सोडत नाही, म्हणतो मास्क आहे ना!

छाती आणि लिव्हर दोन्ही मिळून बघणारे डॉक्टर नाशिकातच आहेत का, की मुंबई गाठावी? आम्हा भावंडांची तपासणी कुठे होते, खर्च किती? आणि बागेचं काम कुणी कसं सांभाळलंय?