शासन निर्णयातली अट बदलून घ्यायची आहे. मंत्र्यांना भेटावं की सचिवांना?

चूलमूल: पोषण आहार पुरवठ्याच्या निविदेत उलाढालीची अट एवढी मोठी आहे की बचत गट दारातच अडतात. निवेदनं देऊन झाली. आता पाठपुराव्याला बचत गटांच्या महासंघातर्फे एक माणूस नेमतोय. त्याला नेमकं काय यायला हवं?

टिप्पणीकार: आधी वाचता यायला हवं. मूळ शासन निर्णय, नंतरची शुद्धिपत्रकं, पूरकपत्रं, सगळं.

निवेदन एका पानाचं. वर संदर्भ क्रमांक नि दिनांक, खाली सध्याची तरतूद आणि प्रस्तावित तरतूद शेजारी शेजारी, शब्दशः. नुसतं ‘अट शिथिल करावी’ लिहिलंत तर किती आणि कशी, हे कक्ष अधिकाऱ्यानं ठरवायचं का? तो कशाला ठरवेल! फाइलवरची टिप्पणी त्याच्या कक्षातूनच अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते, म्हणून पहिली भेट तिथे. मंत्र्यांचा ‘तपासून सादर करावे’ हा शेरा मिळाला म्हणून पेढे वाटू नका. तो कागद फिरून त्याच टेबलावर येतो.

सोबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा वैष्णोराणी महिला बचत गटाचा निकाल जोडा. महाराष्ट्राची घरपोच आहाराची २०१६ ची निविदा त्यात रद्द झाली होती.

तारांकित: अर्धं पटलं. खालून फाइल हलत नसेल तर सभागृहातून ढकलावी लागते. आमदारांना प्रश्नाचा मसुदा लिहून द्या, पण जपून. पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ असा असतो. त्यात गटांची संख्या किंवा महिना चुकला की उत्तर ‘हे खरे नाही’, आणि खालच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या भागात फक्त कागदावर सिद्ध होणारं घाला: निर्णयाची तारीख, अटीचा आकडा. माहिती अधिकारातून काही काढायचं तर ३० दिवस धरा. नागपूरच्या डिसेंबरच्या अधिवेशनासाठी नोव्हेंबरात जागं होऊन उपयोग नाही.

चूलमूल: यात शासनाचा खर्च तर नाही ना? अट फुकटच बदलते.

टिप्पणीकार: दिसते फुकट. पुरवठादार वाढले की तपासण्या वाढतात, देयकं वाढतात. आर्थिक भार दिसला की फाइल वित्त विभागाकडे, आणि तिथे महिने जातात. त्याचं उत्तर आधीच लिहून द्या. त्याहून मोठी भीती म्हणजे एखाद्या गटाचा पुरवठा बंद पडला तर मुलांना त्या आठवड्यात काय मिळणार? शेजारचा कोणता गट किती दिवसांत भार उचलेल, हे गावांच्या नावांनिशी मांडा.

तारांकित: ‘वरच्या साहेबांसाठी’ कुणी पाकीट मागितलं तर थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बळजबरीनं द्यावं लागलं तर ७ दिवसांत कळवावं लागतं.

आणि पोच घेताना नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका, आवक क्रमांक लिहून घ्या. अधिकाऱ्याची बदली झाली की नव्या माणसासमोर तोच एक धागा हातात असतो.