स्वादुपिंडात इन्फेक्शन झालंय, सीटीत दिसतंय, तरी डॉक्टर थांबा का म्हणतायत?

धाकटा_भाऊ:
नमस्कार मंडळी, डोकं चालत नाहीये म्हणून इथे लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. दादाला (वय ४४) पित्ताच्या खड्यामुळे अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज) झाला, सिव्हिअर. आज आयसीयूत १८वा दिवस. पहिल्या आठवड्यात किडनी आणि फुफ्फुसं दोन्ही बसली होती, पाच दिवस व्हेंटिलेटरवर होता, मग हळूहळू सावरला, नळी काढली, माझ्याशी दोन शब्द बोलला, आम्हाला वाटलं सुटलो. परवापासून परत १०२ ताप, पांढऱ्या पेशी वाढल्या, काल सीटी केला तर स्वादुपिंडाचा जो भाग मेलाय त्यात हवेचे बुडबुडे दिसतायत. डॉक्टर म्हणाले इन्फेक्टेड नेक्रोसिस आहे, म्हणजे मेलेल्या भागात इन्फेक्शन, मेरोपेनेम हे अँटीबायोटिक चालू केलं.

आता माझे प्रश्न. पहिल्या आठवड्यातही ताप होताच, तेव्हा त्यांनी अँटीबायोटिक दिलं नाही, म्हणाले गरज नाही. तेव्हाच दिलं असतं तर हे टळलं असतं का? आणि आत घाण आहे हे दिसतंय तर ती काढत का नाहीत? सर म्हणाले "अजून आठ-दहा दिवस मिळाले तर फार बरं होईल". मामा म्हणतात दुसरीकडे हलवू, लगेच ऑपरेशन करणारं कोणीतरी बघू. वहिनी काहीच बोलत नाही, नुसती माझ्याकडे बघते, आणि सह्या मी करायच्या आहेत. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

रात्रपाळी:
मी क्रिटिकल केअरमध्ये काम करतो. फाईल समोर नाही त्यामुळे दादाच्या ट्रीटमेंटवर मत देणार नाही, पण तुम्ही जे दोन प्रश्न विचारलेत ते जवळजवळ प्रत्येक घरातले लोक विचारतात, त्यांची उत्तरं देतो.

पहिल्या आठवड्यातला ताप बहुतेक वेळा जंतूंचा नसतोच. स्वादुपिंडातले पाचक रस आतल्या आत सुटतात, सगळ्या शरीरात सूज भडकते, ताप येतो, नाडी पळते, सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा आकडा) आकाशाला भिडतो, आणि हे सगळं एकही जंतू नसताना. पूर्वी आम्ही लोक घाबरून सगळ्यांनाच आधीपासून अँटीबायोटिक द्यायचो. मग नीट अभ्यास झाले, निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना दिसायला तसंच पण बिनऔषधी, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोलचा २००४ साली आला, मेरोपेनेमचा २००७ साली, आणि दोन्हीत आधीपासून औषध देऊन नेक्रोसिसमधलं इन्फेक्शन कमी झालं नाही. उलट विनाकारण दिलेल्या औषधाने साधे जंतू मरतात आणि मागे राहतात ते चिवट, शिवाय फंगस. त्यामुळे "तेव्हाच दिलं असतं तर" हे ओझं डोक्यावरून उतरवा. तुमच्या डॉक्टरांनी तेव्हा दिलं नाही आणि आता दिलं, हे दोन्ही बरोबरच वाटतंय.

इन्फेक्शन साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर होतं. आतडं सुजलेलं, सुस्त पडलेलं असतं, त्यातले जंतू, ई कोलाय, क्लेबसिएला, एंटेरोकॉकस, भिंतीतून पलीकडे जातात आणि मेलेल्या भागात घर करतात. तिथे रक्तपुरवठा नाही म्हणून औषधही जेमतेम पोचतं. मेरोपेनेमसारखी औषधं निवडतात ती त्यातल्या त्यात तिथे बऱ्यापैकी पोचतात म्हणून.

आता थांबायचं का. कच्चं गळू कोणी फोडत नाही ना, पिकू देतात, तसंच समजा. १८व्या दिवशी मेलेला भाग आणि जिवंत भाग एकमेकांत चिकटलेले असतात, मेलेलं ओढायला गेलं की जिवंत फाटतं आणि शेजारीच मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. साधारण चार आठवड्यांनी त्याच्याभोवती शरीर स्वतःच एक कवच बांधतं आणि आतलं बरंचसं पातळ होतं. तेव्हा नळीने, दुर्बिणीने काढणं कितीतरी सुरक्षित. नेदरलँड्समधल्या ग्रुपने हे फार चिकाटीने तपासलंय. २०१० साली त्यांनी ८८ पेशंटमध्ये सरळ पोट उघडून साफ करणं आणि आधी पू काढायची नळी, गरज पडली तरच पुढची पायरी, अशी तुलना केली. मोठे कॉम्प्लिकेशन किंवा मृत्यू उघड्या ऑपरेशनमध्ये ६९ टक्के, पायरीपायरीने ४० टक्के. आणि पायरीवाल्यांपैकी ३५ टक्के लोकांना नुसत्या नळीवर भागलं, पुढे काही करावंच लागलं नाही. नुसते मृत्यू मोजले तर दोन्हीकडे मोठा फरक नव्हता, हेही सांगतो, म्हणजे नळी म्हणजे जादू असं वाटायला नको. हा आजार दोन्ही बाजूंनी गंभीरच आहे.

बाबांची_मुलगी:
भाऊ, तुमचं वाचून पोटात कालवलं. माझ्या बाबांचं हेच झालं होतं, एकूण ७१ दिवस हॉस्पिटल. आम्ही पण मामांसारखंच केलं. पहिल्या ठिकाणी थांबा म्हणाले म्हणून दुसरीकडे नेलं, तिथे १५व्या दिवशी पोट उघडलं, आणि मग रक्तस्राव, परत उघडलं, परत. बाबा वाचले, पण त्यांना आता इन्सुलिन लागतं, पोटाला मोठा हर्निया आहे, जेवणाबरोबर एन्झाईमच्या गोळ्या घ्याव्या लागतात. ऑपरेशन न करता काय झालं असतं मला सांगता येणार नाही पण मी तेव्हा "काहीतरी करा" हा एकच धोशा लावला होता, आणि डॉक्टर काही करत नाहीत म्हणजे दुर्लक्ष करतायत असं मला मनापासून वाटत होतं, ते चूक होतं.

एक करा, रोज राऊंडला तेच प्रश्न विचारा. लघवी किती झाली, ऑक्सिजन किती लागतोय, बीपी पडू नये म्हणून देतात ते बीपीचं औषध चालू आहे का आणि कालपेक्षा वाढवलं की कमी केलं. वहीत लिहा. मामांना ती वही दाखवा. आमच्याकडे वही नव्हती, नुसती भीती होती.

सरळ_बोलतो:
वरच्या दोघांचा आदर आहे पण माझा अनुभव उलटा आहे. माझ्या मेहुण्याच्या वेळी असंच थांबू थांबू म्हणत राहिले, चार आठवडे व्हायचेत म्हणून, आणि तो डोळ्यांदेखत खालावत गेला, बीपी पडलं, किडनी गेली, तेव्हा कुठे नळी टाकली, उशीर झाला होता. गेला. त्यामुळे थांबा म्हणजे नेमकं कुठवर थांबायचं हे कोणी सांगेल का? कॅलेंडर बघून माणूस मरू द्यायचा का?

रात्रपाळी:
सरळ_बोलतो, तुमचं दुःख कळतंय आणि प्रश्न अगदी योग्य आहे, मी आधी नीट सांगितलं नाही ही माझी चूक. थांबायचं ते खरडून साफ करायला, म्हणजे मेलेला भाग ओढून काढायला. नळी टाकायला चार आठवड्यांची अट नाही. अँटीबायोटिक चालू असताना पेशंट स्थिर असेल तर वाट बघतात. पण बीपी धरत नाही, नवीन अवयव बसतोय, ताप आणि हालत बिघडतच चाललीय, तर कवच असो नसो, सोनोग्राफी किंवा सीटीवर बघून बाहेरून नळी टाकून आतला दाब आणि पू कमी करायचा. शक्यतो डाव्या कुशीतून, पाठीच्या बाजूने, म्हणजे पुढे गरज पडली तर त्याच वाटेने दुर्बीण घालता येते.

आणि ह्या "लगेच की थांबून" प्रश्नावरच २०२१ साली त्याच डच लोकांचा अभ्यास आला, १०४ पेशंट. निम्म्यांना इन्फेक्शन कळल्यापासून २४ तासांत नळी, निम्म्यांना अँटीबायोटिक देऊन कवच होईपर्यंत थांबवलं. लगेच नळी टाकून कॉम्प्लिकेशन कमी झाले नाहीत. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्के लोक नुसत्या अँटीबायोटिकवर निभावले, नळीच लागली नाही, आणि एकूण प्रोसिजरही त्यांच्यात कमी झाल्या. पण त्या थांबलेल्या लोकांवर रोज नजर होती आणि बिघडलं की हात घालायची तयारी होती. म्हणून धाकटा_भाऊ, डॉक्टरांना विचारा, "काय झालं तर तुम्ही न थांबता नळी टाकाल, आणि ती टाकणारी टीम रात्री-अपरात्री इथे आहे का?" उत्तर ठाम आलं तर तिथेच रहा. दुर्बिणीने आणि नळीने करणारी टीमच नसेल, तर पेशंट हलवण्यासारखा आहे तोवरच मोठ्या सेंटरला हलवायचं बोला, पण "लगेच पोट उघडतात" म्हणून हलवू नका.

पोषण_आहार:
मी क्लिनिकल डाएटिशियन आहे, एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून लिहिते. दादाला नाकातल्या नळीने फीड चालू आहे ना? असेल तर ते बंद पडू देऊ नका, आणि नसेल तर का नाही ते विचारा. शिरेतून सगळं पोषण दिलं की आतडं रिकामं पडून राहतं, त्याची भिंत कमकुवत होते आणि जंतू पलीकडे जायला मोकळे. पोटातून अन्न जात राहिलं की इन्फेक्शन कमी होतं हे आता पक्कं आहे. नळी जठरातली असो की पुढे आतड्यातली, सहन होतंय हे महत्त्वाचं.

आणि कोणी प्रोबायोटिक पावडर सुचवली तर देऊ नका. मला आधी स्वतःला ती कल्पना फार पटायची, चांगले जंतू सोडले की वाईट हटतील. २००८ साली सिव्हिअर पॅन्क्रियाटायटिसमध्ये तेच करून बघितलं तर प्रोबायोटिक दिलेल्यांत १६ टक्के मृत्यू आणि न दिलेल्यांत ६ टक्के, काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठाच बंद झाला. तेव्हापासून या आजारात मी ते सुचवत नाही.

धाकटा_भाऊ:
सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, माफ करा. वही केली. रात्रपाळींनी सांगितलेला प्रश्न विचारला, सरांनी बसून पंधरा मिनिटं समजावलं, मामा पण होते, मग हलवायचा विषय बंद झाला. २३व्या दिवशी बीपीचं औषध परत चालू करावं लागलं, त्याच संध्याकाळी डाव्या कुशीतून नळी टाकली. बाहेर आलं ते चहासारखं तपकिरी, घट्ट, भयंकर वास. कल्चरमध्ये (कोणता जंतू आहे ते बघायच्या तपासणीत) ई कोलाय आलं आणि साध्या औषधाला ऐकणारं आहे म्हणून मेरोपेनेम बंद करून दुसरं दिलं. आज २९वा दिवस, बीपीचं औषध बंद आहे, ताप १०० च्या आत. नळी सलाईनने रोज तीनदा धुतात, तरी मधेच तुंबते. सर म्हणतायत आता कवच चांगलं दिसतंय, जठरातून दुर्बिणीने स्टेंट (वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकून आतलं काढू. वहिनी काल घरी जाऊन झोपली, पहिल्यांदा. अजून कशाकडे लक्ष ठेवू?

रात्रपाळी:
नळी तुंबणं नेहमीचं आहे, आत घट्ट तुकडे असतात, बऱ्याचदा मोठ्या मापाची नळी बदलून टाकतात, ती प्रगतीच समजा. जठरातून काढायचं ठरलं तर एका बैठकीत होईल असं धरू नका, तीन-चार वेळाही जावं लागतं, आणि तो धातूचा स्टेंट साधारण तीन-चार आठवड्यांत काढून घ्यायचा असतो, ती तारीख आत्ताच वहीत लिहा, डिस्चार्जच्या गडबडीत राहून जाते.

एकच गोष्ट रात्रीसुद्धा लगेच सांगायची, नळीतून किंवा उलटीतून ताजं लाल रक्त, किंवा शी काळी डांबरासारखी. थोडंसंच असलं तरी. आतल्या रसाने रक्तवाहिनी कुरतडून तिला फुगा आलेला असू शकतो, थोडं रक्त येऊन थांबतं आणि मग काही तासांनी मोठं येतं. वेळेत कळलं तर सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) करून मांडीतून तार घालून ती वाहिनी बंद करता येते.

बाबांची_मुलगी:
आणि पित्ताशय काढायचं ऑपरेशन राहिलंय ना अजून, ते विसरू नका, आतलं सगळं निवळल्यावर करतात. दादा बोलायला लागला की कळवा भाऊ.

धाकटा_भाऊ:
बोलतोय. पहिलं वाक्य, "ऑफिसला कळवलंस का".