गोरिलांचे डोंगर आणि तुर्कानाचे वाळवंट एकाच सहलीत : नैरोबीतील मंडळाच्या ईमेल यादीवरील पत्रव्यवहार

विषय: जानेवारीतील सहलीबद्दल सल्ला हवा आहे

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे आईवडील जानेवारीत पुण्याहून नैरोबीला येत आहेत. बाबांचे वय ७१ आहे आणि आईचे ६६. मसाईमारा त्यांनी मागच्या खेपेस पाहिले. या वेळी त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे पूर्ण होत असल्यामुळे आम्ही दोघा भावंडांनी मिळून एक मोठी सहल करायचे ठरवले आहे : रवांडात गोरिला पाहणे आणि त्यानंतर हेलिकॉप्टरने उत्तर केनियातील सुगुटा खोरे, तुर्काना सरोवर आणि चाल्बी वाळवंट.

एका सहल कंपनीने सहा रात्रींचा कार्यक्रम पाठवला आहे. पहिली रात्र किगालीत, त्यानंतर तीन रात्री व्हॉल्केनोज राष्ट्रीय उद्यानाजवळच्या अतिशय महागड्या लॉजमध्ये, मग दोन रात्री नैरोबीच्या हॉटेलात, आणि त्यांतल्या एका दिवशी पहाटे विल्सन विमानतळावरून निघून तुर्काना पाहून संध्याकाळी परत. खर्चाचा आकडा एवढा मोठा आहे की तो योग्य ठिकाणी पडतो आहे ना, याची खात्री करून घ्यावीशी वाटते. बाबा सिंहगड अजून चढतात, पण आईचे गुडघे दुखतात. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

आपली,
किलेलेश्वा येथील सभासद


विषय: उत्तर : जानेवारीतील सहलीबद्दल सल्ला हवा आहे

ताई, नमस्कार.

तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला. मी या दोन्ही ठिकाणी प्रत्येकी दोनदा गेलो आहे, आणि एकदा माझ्या आईलाही घेऊन गेलो होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगतो : लॉजमधली एक रात्र आणि नैरोबीतल्या हॉटेलच्या दोन्ही रात्री कमी करा, आणि ते पैसे वाळवंटात दोन रात्री मुक्काम करण्यासाठी वापरा. तुर्काना एका दिवसात उडून पाहून येण्याची जागा नाही.

आधी गोरिलांविषयी लिहितो, कारण सहलीची तारीख त्यांच्यावरून ठरते. रवांडात एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच, फक्त आठ जणांची तुकडी भेटते, आणि तीही एकच तास. त्यामुळे परवाने मोजके असतात. परदेशी पाहुण्यांसाठी एका परवान्याची किंमत मे २०१७ पासून १५०० डॉलर आहे. त्याआधी ती ७५० होती. युगांडात ती जुलै २०२४ पासून ८०० डॉलर आहे. पूर्व आफ्रिकेतील रहिवाशांना सवलतीचा दर मिळतो, तेव्हा तुम्ही दोघांनी रहिवासी परवाना जवळ ठेवावा. आईबाबांना मात्र पूर्ण दर पडेल. परवाना खरोखर काढल्याचा पुरावा हाती आल्याशिवाय कंपनीला उरलेली रक्कम देऊ नका. पहिल्या खेपेस आमच्या कंपनीने पैसे घेऊनही परवाने वेळेवर काढले नव्हते, आणि जंगलाऐवजी आम्ही दोन दिवस लॉजच्या ओसरीवर पाऊस पाहत बसलो होतो.

एवढी किंमत का, असा प्रश्न बाबा नक्की विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. पर्वतीय गोरिला जगात फक्त दोन ठिकाणी उरले आहेत : रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरच्या विरुंगा ज्वालामुखींच्या रांगेत, आणि युगांडातील ब्विंडीच्या अरण्यात व त्याला लागून असलेल्या काँगोच्या पट्ट्यात. विरुंगातील गणनेत ६०४ आणि ब्विंडीतील गणनेत ४५९, म्हणजे एकूण १०६३. एका मोठ्या गृहसंकुलात राहणाऱ्या माणसांएवढी ही संपूर्ण पृथ्वीवरची संख्या आहे. तरीही ती वाढत आलेली संख्या आहे, आणि म्हणूनच २०१८ मध्ये त्यांना सर्वाधिक धोक्याच्या वर्गातून एक पायरी खाली आणण्यात आले. परवान्याच्या पैशांतून रक्षकांचे पगार होतात, गस्त चालते, आणि उद्यानांच्या उत्पन्नाचा दहा टक्के वाटा आजूबाजूच्या गावांना जातो. जंगलाच्या कडेला बटाट्याचे वावर असलेल्या शेतकऱ्याला गोरिला जिवंत राहण्यात आपलाही लाभ आहे असे वाटणे, हेच खरे संरक्षण आहे. तुमच्या संपूर्ण खर्चात ज्या रकमेबद्दल मला जराही हळहळ वाटणार नाही, ती ही.

सकाळी सात वाजता उद्यानाच्या किनिगी गावातील मुख्यालयात हजर राहावे लागते. तिथे तुकड्या पाडल्या जातात, आणि त्याच वेळी आईच्या गुडघ्यांबद्दल वाटाड्याला स्पष्टपणे सांगा, म्हणजे जवळ असणारे कुटुंब मिळू शकते. तरी गोरिला रोज जागा बदलतात. अर्ध्या तासाची अपेक्षा ठेवून गेलेल्यांना तीन तास चिखलातून चढावे लागल्याचे मी पाहिले आहे. डोलीची सोय होते, पण ती आदल्या दिवशीच सांगावी लागते आणि तिचे पैसे वेगळे पडतात. माझी आई डोलीत बसून गेली. सुरुवातीला तिला फार संकोच वाटला. आपल्यासाठी एवढ्या माणसांनी खांदा द्यायचा, हे तिला पटत नव्हते. त्या माणसांपैकी एकाने आमच्या वाटाड्याकरवी तिला सांगितले की पूर्वी तो याच जंगलात फासे लावायचा आणि आता या कामावर त्याच्या मुलांची शाळा चालते. त्यानंतर ती निर्धास्त बसली. डोली घेतली नाही तरी प्रत्येकाने एक हमाल अवश्य घ्यावा. चढावर तो हात देतो आणि आग्यासारख्या डंख मारणाऱ्या झाडांतून वाट काढून देतो. बागकामाचे जाड हातमोजे आणि पायमोजात खोचलेली विजार, या दोन गोष्टी महागड्या जॅकेटपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

आणि तो एक तास. बांबूच्या पलीकडे आधी फक्त फांद्या मोडल्याचा आवाज येतो. मग पाठीवर रुपेरी केस असलेला थोराड नर दिसतो, रानसेलरीचा देठ सोलून शांतपणे चघळत बसलेला. आमच्या समोर एक मादी पिल्लाच्या डोक्यातले केस विंचरल्यासारखे बोटांनी बाजूला सारत होती, आणि माझी आई इतक्या हळू आवाजात म्हणाली की मलाच ऐकू यावे, “अरे, ही तर न्हाऊ घालते आहे त्याला.” छायाचित्रे पहिल्या वीस मिनिटांत काढून घ्या आणि नंतर कॅमेरा खाली ठेवा.

ज्यांना जंगलात जायचे नसेल त्यांच्यासाठी किनिगीला गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांच्या नावाच्या संस्थेचे संकुल २०२२ पासून खुले आहे. १९६७ साली करिसिंबी आणि बिसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीत त्यांनी करिसोके हे संशोधन केंद्र उभारले. ते नावही त्या दोन डोंगरांच्या नावांतून जुळवलेले आहे. डिसेंबर १९८५ मध्ये तिथल्याच झोपडीत त्यांची हत्या झाली, आणि शिकाऱ्यांनी मारलेल्या डिजिट या त्यांच्या लाडक्या गोरिलाच्या शेजारी त्यांना पुरले आहे. तिथपर्यंतची चढण आईसाठी नाही, पण संकुलात ती सारी हकिगत नीट मांडलेली आहे.

गोरिलांसाठी किगालीची एक आणि उद्यानाजवळच्या दोन रात्री पुरतात. त्यानंतर विमानाने नैरोबीला या आणि एक रात्र स्वतःच्या घरी झोपा. ही रात्र वगळू नका. किनिगी दोन हजार मीटरहून उंच, थंड आणि ओलसर. तुर्कानाचे पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम ३६० मीटरवर, आणि तिथे दुपारचा पारा सहज चाळिशीला टेकतो. सत्तरीच्या माणसाला एका रात्रीत इतका बदल सोसवत नाही. शिवाय ओले बूट आणि लोकरीचे कपडे घरी टाकून सुती कपड्यांची लहान, मऊ पिशवी भरता येते, कारण हेलिकॉप्टरमध्ये कडक बॅगेला जागा नसते आणि छोट्या विमानांतही साधारण पंधरा किलोचीच मर्यादा असते.

आता वाळवंट. पहिल्या वेळी मी तुमच्या कार्यक्रमासारखेच एका दिवसात सारे पाहिले. दृश्ये अद्भुत होती, हे नाकारत नाही. बोगोरिया आणि बारिंगो ही सरोवरे मागे पडली की जमीन खाली खाली जाते आणि सुगुटाचे खोरे लागते : वाळूच्या टेकड्या, मिठाचे पांढरे पट्टे, आणि टोकाला लोगिपीचे खारे तळे. लोणार ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या पाण्याचा हिरवट रंग आणि काठचा उग्र दर्प ओळखीचा वाटेल, फक्त इथे पाण्यावर रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा पसरलेला असतो. पुढे टेलेकीच्या ज्वालामुखीचा काळा लाव्हा येतो. आपण सह्याद्रीच्या कातळावर वाढलेली माणसे. तो कातळ थिजण्यापूर्वी कसा वाहिला असेल हे मला तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी कळले. त्यापलीकडे नाबुयातोमचा वाटोळा शंकू पाण्यात पाय टाकून बसलेला आहे, आणि मग अडीचशे किलोमीटर लांबीचे ते सरोवर. पण हे सारे मी काचेतून पाहिले. जमिनीवर आम्ही एकूण दोन तासही नव्हतो, आणि त्यातला बराच वेळ इंधन भरण्यात गेला.

दुसऱ्या खेपेस दोन रात्री राहिलो, तेव्हा ती जागा समजली. संध्याकाळी वारा पडल्यासारखा वाटतो आणि रात्री पूर्वेकडून असा सुटतो की तंबूचे दोर गाणे म्हणू लागतात. इथिओपियाचे पठार आणि केनियाचे डोंगर यांच्यामधल्या सखल पट्टीतून तो दाबला जाऊन येतो. लोइयांगलानीजवळ त्याच वाऱ्यावर ३६५ पवनचक्क्या उभ्या आहेत आणि त्यांची क्षमता ३१० मेगावॉट आहे. आपल्या नैरोबीतल्या घरांतल्या दिव्यांतही त्यातली थोडी वीज असते. किनाऱ्यावर एल मोलो लोकांची वस्ती आहे. मासेमारी करून राहणारा हा अगदी लहान समाज आहे. या सरोवराचे सुमारे नव्वद टक्के पाणी इथिओपियातून ओमो नदीने येते आणि त्या नदीवर मोठे धरण झाले आहे. २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत इथली उद्याने गेली, ती या काळजीमुळे. काठावर बसून एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याशी बोलल्यावर या गोष्टीचा जो अर्थ लागतो तो वरून लागत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर नारियोकोटोमे येथे केनियाचे जीवाश्मशोधक कामोया किमेऊ यांना १९८४ मध्ये सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या एका आदिमानव मुलाच्या सांगाड्याचा पहिला तुकडा सापडला. काळ्या खड्यांच्या उतारावर तसाच काळा, काड्यापेटीएवढा हाडाचा तुकडा त्यांच्या नजरेला पडला, हे बाबांना मुद्दाम सांगा. त्या उतारांवरून चालताना आपणही खाली पाहतच चालतो.

वैमानिकाशी आधी बोलून घेण्याच्या गोष्टी आहेत. तापलेली हवा विरळ असते आणि हेलिकॉप्टरला उचल कमी मिळते, म्हणून उड्डाणे सकाळी लवकर आणि वजन मोजून होतात. तुमच्या कुटुंबाची वजने ते विचारतील तेव्हा खरी सांगा. पैसे उड्डाणाच्या तासांवर लागतात आणि त्यात यंत्र तुमच्यापर्यंत रिकामे येण्याचे तासही धरलेले असतात, हे लेखी विचारून घ्या. उत्तरेत अधूनमधून गुरे पळवण्यावरून चकमकी होतात, म्हणून कोठे उतरायचे याचा निर्णय त्याच सकाळच्या बातमीवर वैमानिकाने घ्यावा. त्याने नाही म्हटले तर आग्रह धरू नये. आणि एक विनंती माझ्याकडून : रोहित पक्ष्यांवरून खाली उडायला सांगू नका. थवा उडाला की छायाचित्र सुंदर येते, पण त्या पक्ष्यांची खाण्याची वेळ आणि ताकद आपण हिरावून घेतो.

आपला स्नेहांकित,
पार्कलँड्स येथील जुना सभासद


विषय: उत्तर : जानेवारीतील सहलीबद्दल सल्ला हवा आहे (लस आणि प्रकृती)

नमस्कार.

काकांनी सर्व लिहिलेच आहे. मी डॉक्टर म्हणून थोडीच भर घालते. केनिया, युगांडा आणि रवांडा येथून भारतात परतणाऱ्यांकडे पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मागतात, आणि ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते. आईबाबांनी मागच्या खेपेस ती घेतली असेल तर ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, फक्त मूळ पिवळी पुस्तिका शोधून ठेवा. घेतलेली नसेल, तर साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना जोखीम थोडी अधिक असते, म्हणून पुण्यातील त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नये. हिवतापाच्या गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारावे.

दुसरी गोष्ट मनापासून सांगते. घरात कोणालाही सर्दी-खोकला झाला तर गोरिलांकडे जाऊ नका, परवान्याचे पैसे बुडाले तरी चालतील. २००९ मध्ये रवांडातील ‘हिरवा’ नावाच्या कुटुंबात माणसांकडून आलेल्या श्वसनविकाराच्या विषाणूने दोन गोरिला दगावले, त्यांत एक पिल्लू होते. किन्यारवांडा भाषेत हिरवा म्हणजे भाग्यवान. आपल्या कानांना तो शब्द वेगळाच ऐकू येतो, म्हणून माझ्या लक्षात राहिला. मास्क लावणे आणि दहा मीटर अंतर राखणे हे नियम त्यासाठीच आहेत. पंधरा वर्षांखालील मुलांना नेत नाहीत, त्याचेही हे एक कारण आहे.

आपली,
लाव्हिंग्टन येथील सभासद


विषय: उत्तर : जानेवारीतील सहलीबद्दल सल्ला हवा आहे

काका, डॉक्टरताई, मनःपूर्वक आभार.

काल रात्री आईबाबांशी व्हिडिओवर बोलले आणि दोन्ही पत्रे त्यांना वाचून दाखवली. पिवळ्या पुस्तिका कपाटात सापडल्या. आई डोलीला तयार झाली आहे, मात्र उचलणाऱ्या प्रत्येकाचे नाव तिला आधी सांगायचे, अशी तिची अट आहे. बाबांनी त्या हाडाच्या तुकड्याबद्दल तीन वेळा विचारले.

कंपनीला मी नवा कार्यक्रम कळवला : किगाली एक रात्र, किनिगी दोन, घरी एक, आणि तुर्कानाच्या काठी दोन. एकूण रात्री सहाच राहतात आणि खर्च जवळपास तेवढाच येतो. परवान्यांचे पुरावे या आठवड्यात मागितले आहेत.

हेलिकॉप्टरमध्ये पाच जणांची जागा आहे आणि आम्ही चौघे आहोत. एक आसन रिकामे जाणार आहे. काका, आपण पुन्हा तिकडे यावे अशी बाबांची इच्छा आहे. ते स्वतः आपल्याला रविवारी सकाळी फोन करतील.

आपली,
किलेलेश्वा येथील सभासद