ट्यूबाला सोलो हवाच का?

मंद्रसाधक:
बारा वर्षं ट्यूबा वाजवतोय, म्हणून हा विषय काढतोय. ट्यूबा, ट्रॉम्बोन, युफोनियम या खालच्या सप्तकातल्या ब्रासबद्दल, म्हणजे पितळी फुंकवाद्यांबद्दल, कोणी आपुलकीनं बोलायला लागलं की गाडी हमखास एकाच स्टेशनावर थांबते: "यांना सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवायच्या जागा, मिळत नाहीत, अन्याय आहे." मला हे अजिबात पटत नाही.

संगीतकार द्वोराकची नववी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना (१८९३), घ्या. अख्ख्या सिंफनीत ट्यूबाच्या वाट्याला येतात ते दुसऱ्या भागातले मोजके संथ स्वर, तेही बास ट्रॉम्बोनच्या जोडीनं. बाकी सगळा वेळ वाद्य मांडीवर घेऊन बसायचं. पण त्या भागाच्या सुरुवातीच्या कॉर्ड्समधून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधून, ट्यूबा काढून बघा. वरचे स्वर जागच्या जागी असूनही बिनबुडाचे वाटतात. एकदा तालमीला मला उशीर झाला होता. दाराबाहेर थांबून ऐकलं: ट्रम्पेट सुरात, हॉर्न सुरात, तरी एकमेकांत मिसळत नव्हते. आत जाऊन खालचा बी-फ्लॅट हा खर्जाचा स्वर धरला आणि वरच्यांना टेकायला जागा मिळाली. कुठल्याही सोलोपेक्षा मला हे मोठं वाटतं.

तिसरा व्हॉल्व्ह:
साफ असहमत. "पाया", "आधार" हे शब्द कौतुकाचे वाटतात, पण त्यांनीच ट्यूबावाल्यांचं शिकणं थांबवलंय. नव्या पोराच्या मांडीवर ट्यूबा ठेवायचा आणि वर्षानुवर्षं त्याच्याकडून सा-प, सा-प एवढंच वाजवून घ्यायचं. ओळ कुठे वळते, श्वास कुठे घ्यायचा, हे त्याला कोणी विचारतच नाही.

ट्यूबाचं पेटंट बर्लिनमध्ये वीप्रेख्ट आणि मोरिट्झ यांनी घेतलं ते १८३५ साली. व्हॉन विल्यम्स या संगीतकाराचा ट्यूबा कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत ट्यूबाच्या सोलोची रचना, आला १९५४ मध्ये. मधे ११९ वर्षं गेली! त्यातला मधला संथ भाग मी वाजवायला घेतला तेव्हा कळलं, आठ वर्षं बँडमध्ये काढूनही मला एक लांब ओळ सलग गाता येत नाही. तीन महिने त्याच दोन पानांवर होतो. त्यानंतर बँडमधला माझा साधा खर्जसुद्धा बदलला. आधी स्वर सुरू व्हायचा आणि संपायचा. आता तो पुढच्या स्वराकडे जातो. श्रोत्यांसाठी नसेना का, वाजवणाऱ्यासाठी सोलो हवाच.

स्लाइडवाला:
तुमच्या वादात ट्रॉम्बोन बाजूलाच राहिला. मोझार्टच्या रेक्विएममध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात (१७९१), 'तुबा मिरुम' नावाच्या भागात सुंदर सोलो आहे तो ट्रॉम्बोनला. ट्यूबा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. म्हणजे खालच्या आवाजाला सोलो देणं ही काही नवी मागणी नाही.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते वेगळंच. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीत (१८७६) ट्रॉम्बोन पहिले तिन्ही भाग गप्प असतात. जवळपास अर्धा तास. ओठ थंड, माउथपीस थंड. आणि मग शेवटच्या भागात, हॉर्नची ती मोकळी धून झाल्यावर, एकदम हळुवार कोराल, म्हणजे स्तोत्रासारखी एकत्र वाजवायची संथ धून. मी दुसऱ्या ट्रॉम्बोनवर तो वाजवलाय. स्लाइड, म्हणजे ट्रॉम्बोनची सरकती नळी, एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तरी कॉर्ड डागाळते. त्या वेळी तिघांपैकी कोणीच एकटा नसतो आणि साथीलाही नसतो. याला सोलो म्हणायचं की आधार? मला तरी दोन्ही शब्द अपुरे वाटतात.

नुसता श्रोता:
मी वाजवत नाही. खरं सांगायचं तर मला ट्यूबा वेगळा ऐकूच येत नाही. फोनवर किती वेळा लावून बघितलं. शिवाय ज्या वाद्याचा पिंडच संथ आहे त्याच्याकडून सोलोची चपळाई का मागायची? एवढी हवा माणूस आणणार कुठून?

मंद्रसाधक:
फोनवर नका ऐकू. तो बी-फ्लॅट साधारण ५८ हर्ट्झचा. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो जवळजवळ बाहेरच पडत नाही. त्याच्या पटीतले ११७, १७५ हर्ट्झचे वरचे अंश तेवढे येतात आणि त्यांवरून कान मूळ स्वर ताडतो. धून कळते, पण आवाजाचं अंग हरवतं. एकदा वाजवणाऱ्यापासून चार पावलांवर बसा. खुर्चीच्या पाठीतून जाणवेल.

तिसरा व्हॉल्व्ह:
हवेबद्दल. आर्नल्ड जेकब्स १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनीत ट्यूबा वाजवत होते, आणि आजारपणांमुळे त्यांच्या फुप्फुसांची क्षमता चांगलीच कमी झालेली होती. त्यांचा भर होता हवा वाहती ठेवण्यावर आणि स्वर आधी मनात गाण्यावर. छाती भरून घेतली आणि घसा आवळला तर काय उपयोग?

खरी कसोटी सुराची आहे. व्हॉल्व्ह म्हणजे दाबली की हवेच्या वाटेत जादा नळी जोडणारी कळ. प्रत्येक व्हॉल्व्हची नळी मोकळ्या वाद्याच्या लांबीच्या हिशेबानं कापलेली असते. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की वाद्य आधीच लांब झालेलं असतं, जोडलेली नळी तोकडी पडते आणि स्वर चढतो. तिन्ही दाबले की आणखीच. म्हणून चौथा व्हॉल्व्ह, म्हणून वाजवतावाजवता डाव्या हातानं नळी ओढणं. बँडच्या गदारोळात हे झाकलं जातं. सोलोत उघडं पडतं, आणि मगच माणूस ते सुधारतो.

मंद्रसाधक:
झाकलं जातं हे चूक आहे. ट्रम्पेट चढला तर तो एकटा चढतो. खर्ज चढला तर सगळे त्याच्यामागे चढतात, आणि कोणाला कळतही नाही की सुरुवात कुठून झाली. बँडमध्ये माझ्या सुराची जबाबदारी जास्त आहे, कमी नाही.

लांब ओळीचं मात्र तुम्ही म्हणता ते मला लागलं. काल घरी एक सोपी धून संथ लयीत वाजवून बघितली. चौथ्या मात्रेवरच श्वास तोडला, आणि तिथे तोडायचं काहीच कारण नव्हतं. तुम्ही तो संथ भाग बसवताना आधी नुसता गाऊन बघितला होता का, की थेट वाद्यावरच घेतलात?